दारातून परतलेले कप्तान

प्रवास कंपनीच्या ऑफिसात त्यांना सगळे कप्तान म्हणत. लोकांना परदेशी धाडणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. स्वतः मात्र ते कधी विमानात बसले नव्हते. घाबरट गिऱ्हाईक आलं की ते खुर्चीत रेलून म्हणत, "अहो, घरी सोफ्यावर बसता ना? तसंच." ऑफिस हसे. गिऱ्हाईकही ओशाळून हसे.

त्यांची थोरली बहीण लग्नानंतर एका चिमुकल्या देशात गेली होती. नकाशावर बोट ठेवलं तर अख्खा देश झाकला जावा, एवढासा. "एकीकडे समुद्र, उरलेल्या जागेत नारळ आणि घाम," असं ती फोनवर सांगे. मेहुणे गेले, ती एकटी पडली. "एकदा येऊन जा रे," म्हणाली, आणि कप्तानांनी मनावर घेतलं.

मग काय, तिथला पाऊस कधी ओसरतो, विमान कुठे बदललं तर दमछाक होत नाही, हिवतापाच्या गोळ्या कधी सुरू करायच्या, यावर जेवणाच्या सुट्टीत व्याख्यानं सुरू झाली. बायकोला तर त्यांनी भंडावून सोडलं. कपडे सुतीच घे, बाह्या लांब हव्यात, विमानात पाय हलवत राहा.

"मला नाही बाई जमायचं एवढं लांब," ती म्हणायची.

"मी आहे ना!"

निघताना ऑफिसने नवी बॅग दिली, साहेबांनी भाषण ठोकलं.

विमानाच्या दारापर्यंत सगळं सुरळीत झालं. दारातून आतली अरुंद वाट आणि ते ठेंगणं छत दिसलं मात्र, कप्तानांचे हातपाय गार पडले. श्वास पुरेना. "या ना काका," हवाई सुंदरी म्हणाली. काकांचं पाऊल उचलेना. मागे रांग खोळंबली. कुणाचं तरी लहान मूल त्यांना वळसा घालून आत गेलं.

बायकोने त्यांचा चेहरा पाहिला. "ताई न्यायला येणार आहेत," ती हळूच म्हणाली. "कुणीतरी गेलं पाहिजे." आणि पदर खोचून एकटीच आत गेली.

कप्तान घरी आले आणि पडदे ओढून बसले. कुकरची शिट्टी शेजारी ऐकू जाईल म्हणून पाव आणि केळी खाऊन राहिले. पण कुंड्यांना पाणी घालायला शेजारच्या वहिनींकडे किल्ली दिलेली! कुलूप वाजलं की ते न्हाणीघरात दडत. एकदा तिथेच त्यांना शिंक आली.

"कोण आहे आत?" वहिनींनी झाडू उचलला.

कप्तान बाहेर आले.

"अगबाई, भावजी! परत कधी आलात?"

"गेलोच नाही."

झाडू ठेवून वहिनींनी चहाचं आधण ठेवलं. त्या पाठमोऱ्या होत्या, तेवढंच कप्तानांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कुणीही हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तेव्हा त्यांना कुठे तोंड लपवावं ते कळेना.

बायको परतली ती रापलेली, टवटवीत. चुकत, विचारत, खाणाखुणा करत ती दोन विमानतळ पार करून आली होती. तिचं सांगणं संपेना.

"ताई रागावली असेल," शेवटी कप्तानांनी विचारलंच.

"रागावतात कसल्या! म्हणाल्या, लहानपणी हा अंधाऱ्या जिन्यात माझा हात सोडत नसे, माझ्या लक्षात यायला हवं होतं."

हे तर शिव्यांहून झोंबलं. इतके दिवस टाळलेला फोन त्यांनी त्याच संध्याकाळी लावला.

"ताई, चुकलो गं."

"जेवलास का?" पलीकडून प्रश्न आला.

कप्तानांनी फोनवरच नुसती मान हलवली. बायकोने हातातून फोन घेतला. मग दोघी नणंदा-भावजया बोलत बसल्या, कप्तानांनी कधी न पाहिलेल्या माणसांविषयी, ताईच्या गल्लीविषयी, समुद्रावरच्या वाऱ्याविषयी. ते मान खाली घालून शेजारी बसून ऐकत राहिले.