कॉलर रोजची

रविवार, २९ मार्च. आठवड्याच्या शर्टांची इस्त्री. त्यातला एक शर्ट स्टार्च मारून, कॉलर पत्र्यासारखी सपाट बसेपर्यंत दाबला. हे काम डायरेक्टर वहिनींनी सांगितलेलं. सकाळी त्यांना नागोयाच्या गाडीत बसवून आले आणि आल्याआल्या इस्त्री तापवली.

डायरेक्टर वहिनी नटांच्या तोंडाकडे बघत नसत, हातांकडे बघत. टोकियोच्या एदोगावातल्या आमच्या मराठी मंडळासाठी त्यांनी ती जुनी शोकांतिका बसवली. तीच, ज्यात सेनापती कुणीतरी कान भरल्यावर बायकोवर संशय घेतो आणि शेवटी उशी दाबून तिचा जीव घेतो. बायको मी. सेनापती इचिकावाहून येणारा नवा इंजिनिअर, तालमीतही माझ्या नावाला जपानी आदराचं ‘सान’ लावणारा. तालमीच्या हॉलमध्ये बूट-चपला दाराशीच काढायच्या, त्यामुळे आमचा खलनायक सगळी कारस्थानं पांडाच्या मोज्यांत करायचा. आम्ही हसून लोळायचो. वहिनी म्हणायच्या, “पाय राहू देत, हात दाखव.”

पहिल्या अंकातली आमची मिठी त्यांनी लगेच कापली. “मिठी काय, विमानतळावर कोणीही मारतं. हे दोघं एका घरात राहतात, ते दिसू दे. नाहीतर शेवटी हा उशी उचलेल आणि लोक घड्याळ बघतील.” मग आम्हाला चादरीची घडी घालायला लावली. सेनापतीची टोकं काही जुळेनात. “लग्न व्हायचंय ना? कळतंय,” वहिनी म्हणाल्या.

एकदा सेनापती दरबारात निघाला आणि माझा हात आपोआप त्याच्या कॉलरकडे गेला. उभी राहिलेली बाजू बसवली, खांद्यावर दोनदा थोपटलं. वहिनी खुर्चीतून उठल्या. “हेच! हे रोज करायचं.” कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या माझ्या नवऱ्याने, मिलिंदने, लॅपटॉप मिटला.

घरी येईपर्यंत त्याची सायकल माझ्या पुढेच. दार लावल्यावर म्हणाला, “मिठी परत घ्या हवी तर. कॉलर नको.”

“अरे, तो शेवटी मला मारून टाकतो, त्याचं काही नाही?”

“ते नाटक आहे.”

आणि गडी हॉलमध्ये अंथरूण घालून झोपला. आठवडाभर आमच्यात फक्त कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा, एवढ्यापुरतं बोलणं. सकाळी तो बूट घालून सरळ बाहेर, मी त्याची रोजची कॉलर बसवायला उचललेला हात घेऊन दाराशी उभी. मी नाटक सोडायचं ठरवलं आणि वहिनींना कारण सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत.

“मिलिंदच्या बाहीवरचा धागा काढतेस का कधी?”

“छे.”

“मग सेनापतीचा धागा काढ. कॉलर घरी घेऊन जा.”

“पण वहिनी, सगळ्यात चांगलं तेच होतं, तुम्हीच म्हणालात.”

“होतंच. नाटक दोन तासांचं आहे, कॉलर रोजची.”

प्रयोगाला लोक रडले. धाग्यालासुद्धा. मिलिंद पहिल्या रांगेत होता. त्या रात्री अंथरूण आत आलं.

आता वहिनींच्या नवऱ्याची नागोयाला बदली झाली. काल मी सामान आवरायला गेले, तेव्हा सेनापतीची लाकडी तलवार जाळायच्या कचऱ्याच्या पिशवीत कोंबता कोंबता त्यांनी विचारलं, “इतक्या वर्षांत एकट्या मिलिंदचीच कॉलर कशी गं उभी राहते?”

“त्याला धड शर्ट घालता येत नाही, म्हणून.”

“उद्या कडक इस्त्री कर आणि बघ, आपोआप उभी राहते का.” आज गाडीच्या दारातूनही तेच. निरोप वगैरे काही नाही, नुसता हाताने इस्त्रीचा अभिनय.

सोमवार, ३० मार्च. सकाळी मिलिंदने तोच शर्ट घातला. बूट घालून दाराशी थांबला. कॉलरची डावी बाजू ताठ उभी, आणि तो छताकडे बघतोय.

मी ती बसवली, दोनदा थोपटलं, आणि कचऱ्याची पिशवी त्याच्या हातात दिली.