बापूंना ऐकू येत नव्हतं

हिलालबापू गेले तेव्हा लिंबायतच्या त्यांच्या खोलीसमोर बसायला जागा उरली नाही. धुळ्याकडून सुरतेला आलेला हा माणूस, उभी हयात कापड गिरणीच्या मागावर घालवली. घर म्हणजे जीव की प्राण. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, घारी ही तुपाळ सुरती मिठाई एकच आणायची, मागाच्या धाग्यानं तिचे तुकडे करून पोरांच्या हातावर ठेवायचे आणि स्वतः कागदाला लागलेलं तूप चाटायचं, एवढीच त्यांची चैन. मागांच्या खडखडाटानं कान मात्र पार गेले. मग बोलायचे तेही गल्ली जागी होईल एवढ्या मोठ्यानं.

मुलगा भाईदास शिकला, बँकेत लागला आणि त्याला या आवाजाची लाज वाटू लागली. एकाहत्तर साली त्याचं लग्न ठरलं. मुलगी शैलजा, मास्तरांच्या घरची. जेवता जेवता तो आईला हळूच म्हणाला, साखरपुड्याला बापूंना नको न्यायला, चारचौघांत शोभा होईल. बापू समोरच भाकरी कुस्करत होते. बहिऱ्यापुढे काय लपवायचं!

दुसऱ्या दिवशी बापूंनीच सांगितलं, शेठ सुट्टी देत नाही, तुम्ही जाऊन या. भाईदासला हायसं वाटलं. बापाच्या जागी मामा उभा राहिला, कार्य निभावलं. पुढे पाहुणे आले की बापू आपणहून ओट्यावर जाऊन बसायचे. तेही त्याच्या पथ्यावरच पडलं.

आज दारावर दुखवट्याला आलेल्यांत लोटूआबा होते. बापूंच्या शेजारच्या मागावरचे, तेवढेच बहिरे. भाईदास शैलजाला दबक्या आवाजात म्हणाला, यांना ऐकू येत नाही, घरी कोण पोचवणार? उत्तर आबांनीच दिलं, की मी एकटा जाईन. भाईदास चमकला. तेव्हा आबांनी समजावलं, कारखान्यात कुणाचं कुणाला ऐकू येत नाही, सगळे ओठ पाहूनच बोलणं ओळखतात.

"तुना बापले तर ओठ हालनात का समदं समजे."

साखरपुड्याच्या दिवशी शेठनं सुट्टी दिली नव्हती ना, असं भाईदासनं विचारलं, पण आवाज फुटेना, नुसते ओठ हलले. आबांना तेवढं पुरलं.

"त्या दिन तर आमनी सुट्टी व्हती. तो मन्हा घर बठेल व्हता. पोऱ्यानं लगीन जमनं म्हनी गल्लीले पेढा वाटी ऱ्हायंता."

भाईदास उठला, ओट्यावर बापूंच्या जागी बसला आणि साऱ्या गल्लीदेखत मोठ्यानं रडला.