चूळ धरून आणलेली गौर

माझी थोरली जाऊ धोंडूबाई, आमची बाय, एकोणिसाव्या वर्षी पांढऱ्या कपाळाची झाली. तरी सासूबाईनं मरताना गौरीचं सूप तिच्याच हाती दिलं. पळसदरीच्या ओढ्यावरनं तेरड्याची गौर सुपात घालून आणायची, ती तोंडात पाण्याची चूळ धरून. वाटेत अक्षर बोलायचं नाय. वीस वर्षं तिनंच गावची गौर आणली. कुणाच्या पोटात दुखलं नाय.

मग आबाजी पाटलाला शहाणपण सुचलं! "विधवेनं गौर आणावी, हे कुठल्या पोथीत हाय?" खरं तर मेल्याला तो मान आपल्या सुनेला द्यायचा होता. त्या भादव्यात पुण्याचे एक शास्त्री कर्जतला गाडीतनं उतरले. पोथीत काय सांगितलंय आन् गावोगाव लोक काय करतात, हे ते ताडून बघून वहीत लिवत होते. पाटील म्हणाला, "शास्त्रीबुवा नाय म्हणाले तर सूप माझ्या घरी." बाय दोन दिस धड जेवली नाय.

गौरीच्या दिवशी बाय सूप घेऊन निघाली. शास्त्रीबुवा वही घेऊन बाजूनं चालत होते. त्यांना चुळीचं काय ठाऊक? त्यांनी इचारलं, "बाई, याला आधार काय?" बाय गप. पाटील हसला, "बघा, आधारच नाय, बोलंल काय?" मला वाटलं, जाऊन त्याच्या पागोट्यालाच हात घालावा! बायचे गाल फुगलेले, डोळे भरलेले, पण चूळ सुटली नाय.

दारात मी तिचे पाय धुतले. तिनं गौर पाटावर ठेवली, तुळशीपाशी चूळ टाकली आन् वळली.

"बुवा, वाटेत बोलायचं नसतं, म्हणून गप होते. आता ऐका. गौर म्हंजे माहेरी आलेली लेक. आई विधवा हाय म्हणून लेक दारातनं मागं फिरते व्हय?"

शास्त्रीबुवांनी पोथी उघडली, पानं चाळली, मिटली. "पाटील, आणा असं यात नाही, आणू नका असंही नाही. पोथी गप्प आहे तिथं मी या बाईंचं लिहून घेणार." आन् ओटीवर बसून म्हणाले, "बाई, जरा सावकाश सांगा." वा रं पाटला! तोंड एवढंसं झालं त्याचं.

नऊ वर्षांनी माझा नवरा गेला. त्या भादव्यात मी कोपरा धरून बसले होते. बायनं ओढ्यावर नेलं, सूप माझ्या डोक्यावर ठेवलं. "चूळ धर गं. आन् रडू नको, रडलीस तर सुटंल."

नाय सुटली. दारात माझे पाय धुवायला तांब्या घेऊन पाटलाची सून उभी होती.