कडुनिंब कडू लागेना

आमच्या घरात शिकार बायका करतात. बंदूक नाही, जाळं नाही, नुसता हात. पोळा झाला की श्रावण संपतो, आणि दुसऱ्या दिवशी, करीला, महिनाभर वरण-भात खाऊन वैतागलेलं सगळं घर तिखट रश्श्याची वाट पाहत बसतं. पुरुष मटणाच्या दुकानापुढे उभे राहतात. आम्ही शेताच्या कडेच्या नाल्यात उतरून खेकडे धरतो. माझी अकोल्यात मसाल्याची गिरणी आहे. करीला ती बंद ठेवून मी बार्शीटाकळीजवळच्या गावी जाते, ते यासाठीच.

त्या वर्षी आम्ही तिघी होतो: मी, माझी थोरली जाऊ आणि शेंदूरजनाघाटाहून आलेली नणंद. जाऊ आमची सरदार. बिळाच्या तोंडाशी चिखलाच्या ताज्या गोळ्या दिसल्या की आत खेकडा. मग हात बिळाच्या छताला चिकटवून आत सरकवायचा आणि नांग्यांच्या मागून त्याची पाठ दाबायची. गुळगुळीत, स्वच्छ बिळात हात घालायचा नाही, तिथला भाडेकरू वेगळा असतो. हे सगळं मला तिनेच शिकवलं, आणि एरवी शिकवताना ती थांबत नाही. त्या दिवशी मात्र ओठ मिटून होती. नुसतं हूं, अंहं करत बोटाने बिळं दाखवायची. मला वाटलं, काल पुरणपोळ्या करून दमली असेल.

नणंद बिळात हात घालत नाही. ती बादली धरते आणि किंचाळते, पण तेवढं काम मन लावून करते.

बादली अर्धी भरली होती. जावेने एका बिळात कोपरापर्यंत हात घातला आणि एकदम "अं!" करून बाहेर ओढला. हातामागोमाग एक लांब, ओलं जनावर सुळकन बाहेर आलं, नणंदेच्या दोन पायांमधून गेलं आणि पाण्यात दिसेनासं झालं. नणंदेने बादली सोडून मला मिठी मारली. आम्ही दोघी पाण्यात बसलो, आणि खेकडे आपापल्या घरी गेले.

"नाग व्हता वहिनी! फणा पाह्यला म्या!"

मी फक्त शेपूट पाहिलं होतं. "बाई, तुमी काय पाह्यलं?" मी जावेला विचारलं. तिने उजवा हात पुढे केला. अंगठ्याखाली दोन लाल ठिपके, आणि त्यांतून रक्त. खेकड्याच्या नांगीनेही असे दोन ठिपके उमटतात आणि सापाच्या दातांनीही. बिळात दोघं शेजारी राहत होते की एकटा सापच होता, हे कळायला मार्ग नव्हता.

नणंदेला घाबरली की हसू येतं. ते आता सुरू झालं. "आत्ताच तं नागपंचमीले लाह्या देल्ल्या मोठ्या वहिनीनं. दूध बी देल्लं! इतकं बेइमान राह्यते का जनावर?" मग ते हसू मलाही चढलं. मधे चावलेली बाई, दोन बाजूंना दोघी खिदळतोय, अशी आमची वरात गोठ्यापर्यंत आली.

गोठ्यावर भासरे होते, म्हणजे जावेचे यजमान. 'साप' एवढा एक शब्द कानावर पडताच ते कडुनिंबाकडे धावले. गावातली चाचणी ठरलेली आहे. ज्याला चावलं त्याला कडुनिंबाचा पाला चघळायला द्यायचा. कडू लागला तर निर्धास्त राहायचं, नाही लागला तर विष चढलं समजायचं.

"चाव. कसा लागते?"

जावेने पाला चावला. अजून चावला. "काईच नाई लागून राह्यलं."

"अवो, नीट चाव!" त्यांनी मूठभर पाला तिच्या तोंडात कोंबला.

"गवतावानी लागते."

भासरे मटकन खाली बसले. मग झाडाचाच दोष असेल म्हणून त्यांनी स्वतः दोन पानं खाल्ली आणि थू थू करत उठले. झाड अस्सल कडू होतं. नणंदेचं हसू थांबून रडू सुरू झालं, आणि रडता रडता परत हसू.

लग्न झाल्यापासून मी भासऱ्यांशी समोरासमोर कधी बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले, "पाला पुरे झाला! मी यायले दवाखान्यात घेऊन जातो, तुमी मोटरसायकलनं मांगून या!"

"हो जी," भासरे म्हणाले. मला!

चावलेला हात हलू नये म्हणून माझ्या ओढणीची झोळी करून तिच्या गळ्यात अडकवली. कापाकापी नाही, दोरी आवळणं नाही. स्कूटीवर पुढे मी, मधे जाऊ, मागे नणंद. रस्त्यात एवढा चिखल की गाडी सरळ कमी आणि आडवी जास्त चालत होती. गाव मागे पडलं तशी जाऊ माझ्या कानाशी आली.

"ऐक वो. मले काई झालं नाई. माह्या तोंडात खर्रा हाय."

मी ब्रेक दाबला.

खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटलेला आमच्याकडचा जिन्नस. गालात धरला की जिभेला दुसरं काही कळत नाही. आणि आमच्या जावेइतकी खर्ऱ्याची वैरीण गावात नव्हती. पोराच्या आणि पुतण्यांच्या खिशांतून ती पुड्या जप्त करायची आणि चुलीत टाकते म्हणायची. घरात गॅस येऊन जमाना झाला, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

"थुका आंधी," मी म्हटलं. हसण्यामुळे मला गाडी धरवत नव्हती.

तिने खर्रा आणि मूठभर कडुनिंब रस्त्याच्या कडेला थुंकला. तोंड पुसून म्हणाली, "चाल आता वापस. इष-बिष काई चढलं नाई."

"बाई, पाल्यानं काहीच सांगतलं नाई. इष चढलं का नाई चढलं, ते अजून कोनालेच मालूम नाई."

तिचा चेहरा उतरला. इतका वेळ ती खर्रा पकडला जाईल म्हणून घाबरली होती. साप खरंच चावला असेल, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. "पाह्य ना वो, मले गरगरून राह्यलं का?"

मागून नणंद ओरडली, "काय सांगते वहिनी? अखेरचं काई सांगून राह्यली का?"

"तुह्या भावाले सांगू नोको म्हनते!" मी गाडी दामटली.

"हो," जाऊ माझ्या पाठीला चिकटून म्हणाली. "मेली तरी सांगू नोको."

दवाखान्यातली डॉक्टर तरुण पोरगी होती, कामात चटपटीत. तिने जावेचं रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि नळी टेबलावर उभी ठेवून दिली. काही सापांच्या विषाने रक्त गोठत नाही; थोड्या वेळाने गोठलेलं दिसलं तर चांगलं. पातळच राहिलं तर, म्हणाली, मग बघू. तेवढ्यात भासरे आले. हातात कडुनिंबाची फांदी तशीच.

डॉक्टरने जावेच्या पापण्या पाहिल्या. "वर बघा. छान. जीभ बाहेर काढा."

जावेने तोंड घट्ट मिटलं.

"जीभ निघत नाही का? बोलता येतंय?" डॉक्टरचा आवाज बदलला. नागाच्या विषाने आधी पापण्या, जीभ लुळी पडते, हे ती नर्सला सांगत होती आणि सलाईन लावायला म्हणत होती. भासऱ्यांनी फांदी छातीशी धरली आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "माय वो, जीभ गेली हिची! माह्याशी बोल ना वो काई!"

जावेने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. मग सगळी जीभ बाहेर काढली. विटकरी रंगाची, वर पाल्याचे हिरवे तुकडे.

डॉक्टर वाकली, तिने हुंगलं. "खर्रा?"

"हो."

भासऱ्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग एकदम त्यांच्या डोक्यात उजेड पडला.

"तोंडात खर्रा व्हता? पाला खाताना?"

"हो ना जी."

"म्हंजे इषानं नाई, खर्ऱ्यानं कडू नाई लागला!" त्यांनी फांदी फेकून दिली आणि शेजारच्या खाटेवरच्या, पाय प्लास्टरमध्ये असलेल्या बाबाचे हात धरले. "बाबा, खर्रा खाते माही बायको! खर्रा!" बाबा म्हणाले, "बढिया झालं."

"काका, त्याने काही सिद्ध होत नाही. नळी बघू द्या," डॉक्टर म्हणाली. मी तेच रस्त्यात सांगून दमले होते. भासरे ऐकण्याच्या पलीकडे होते.

वेळ झाल्यावर डॉक्टरने नळी उचलून आडवी केली. रक्त जागचं हललं नाही; गोठलं होतं. बिनविषारी दिवड असेल किंवा खेकडा, ती म्हणाली. पापण्या, जीभ ठीक आहेत, तरी आजची रात्र इथेच राहायचं. नणंद खाटेच्या पायथ्याशी बसून पोट धरून हसत होती आणि नर्स तिला बाहेर काढायला बघत होती.

भासरे व्हरांड्यात जाऊन एकेकाला फोन करत होते. आधी माझ्या नवऱ्याला, मग जावेच्या माहेरी, मग पोराला, मग गावच्या पोलीस पाटलाला. आवाज सगळ्या दवाखान्यात ऐकू येत होता. "घाबरू नोका! साप नाई! खर्रा निघाला!"

जावेने चादर डोक्यावरून ओढून घेतली.

"याच्यापरीस," ती आतून म्हणाली, "नाग बरा व्हता वो."