पेन्शन नको म्हणणारा कागद

ग्लेनिस टनिक्लिफला खोटं बोलता येत नाही, असं इंग्लंडातल्या स्टोकचा तो अख्खा कपबश्यांचा कारखाना म्हणायचा. कारखान्याला काय कळतंय! तेहतीस वर्षं तिनं तिथलं पगारखातं सांभाळलं. कुणाचा नवरा पितो, कुणाला शुक्रवारच्या आधीच उचल लागते, सगळं तिला ठाऊक आणि त्यातलं एक अक्षर तिच्या तोंडून बाहेर पडायचं नाही. म्हणून बाया तिच्यावर डोळे मिटून विसंबायच्या. नोरीन मेचिन तर सगळ्यांत जास्त. नोरीन कपांना कान चिकटवायची. चाळीस वर्षं तेच काम, आणि तोंडाचा पट्टा त्याहून जोरात.

आठेक वर्षांपूर्वी नवा कायदा त्यांच्या कारखान्याला लागू झाला. आता कामगारानं मागायची गरज नव्हती. त्याचं नाव आपोआप पेन्शनीत जायचं, थोडे पैसे पगारातून कापायचे, थोडे मालकानं घालायचे. ज्याला नको असेल त्यानं तसं लिहून द्यायचं. वार्डल मालकांनी ग्लेनिसला बोलावलं, दार लावलं.

"गॅसचं बिल बघितलंस ना? भट्ट्या बंद पडायची वेळ आलीय. त्यात हे. माझं कोण ऐकणार? तुझं ऐकतील. आणि खर्च कापायचाच झाला, तर आधी ऑफिसातलं माणूस जाईल, एवढं लक्षात ठेव."

पेन्शनीतून बाहेर पडा, असं मालकानं कामगारांना सुचवणंसुद्धा गुन्हा, हे ग्लेनिसला पाठ होतं. ती नियमावली तिनंच फायलीला लावली होती. तरी गेली बाई, चहाच्या सुट्टीत, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन.

"आठवड्याचे दोन-अडीच पौंड हातात राहतील, बाई," ती नोरीनला म्हणाली. "म्हातारपणी काय मिळणार त्यातून? कपाळ!"

"तू काय केलंस?" नोरीननं विचारलं.

"मी? मीही नको म्हणून दिलंय लिहून."

हे वाक्य मालकांनी शिकवलेलं नव्हतं. ते ग्लेनिसचं स्वतःचं होतं. तिनं कसलं लिहून दिलं होतं! तिचं नाव पेन्शनीत होतं आणि राहिलं.

आता या कायद्याची गंमत अशी, की बाहेर पडलेल्यांची नावं तो दर तीन वर्षांनी पुन्हा आत घालतो. म्हणजे माणसाला शहाणं व्हायची पुन्हा संधी. कायद्यानं घालावं आणि ग्लेनिसनं काढावं, असं तीनदा झालं. दुसऱ्या वेळी तिला रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या वेळी नोरीनच ओरडली, "आण ग इकडे तुझा तो कागद!" आणि ओल्या मातीच्या बोटांनी सही करून मोकळी झाली. तेव्हा तरी हात धरायचा होता मेलीनं. नाही धरला.

गेल्या वर्षी ग्लेनिस निवृत्त झाली. पेन्शनीतले थोडे पैसे एकदम मिळाले, त्यातून नवी न्हाणी केली. नोरीन बघायला आली, टाळ्या वाजवून म्हणाली, "कुठून आणलास ग एवढा पैसा?" ग्लेनिस म्हणाली, सरकारी सोडतीत बक्षिसाचा बाँड लागला. नोरीन त्रेसष्ट वर्षांची, बोटं वाकडी झालेली, अजून कामावर जाते. सरकारी पेन्शनीला अजून तीन-चार वर्षं आहेत, आणि तेवढ्यावर तिचं भाडंही भागायचं नाही. ग्लेनिसला त्या न्हाणीत पाय ठेवला की लाज वाटायची.

आणि या वर्षी खासदारांच्या समितीनं चौकशी काढली. आपोआप आत घालूनही माणसं पेन्शनीतून बाहेर का पडतात? युनियननं साक्षीला नोरीनचं नाव दिलं.

"चल माझ्याबरोबर लंडनला," नोरीन म्हणाली. "एकटीची फाटते माझी."

नाही कसं म्हणणार? गाडीत दोघींनी चीज घातलेल्या ओटच्या पोळ्या खाल्ल्या. म्हणजे नोरीननं खाल्ल्या. ग्लेनिसनं आपली परत कागदात गुंडाळली.

खासदार अर्धगोल बसलेले, नोरीन समोर, ग्लेनिस मागे प्रेक्षकांत. त्यांतल्या एका खासदार बाईनं विचारलं, "फॉर्म तुम्हाला कुणी दिला?"

"पगारखात्यातल्या आमच्या मैत्रिणीनं. पण तिला बोल लावू नका हं," नोरीन ठसक्यात म्हणाली. "तिनंही लिहून दिलंय. स्वतः करत नाही ते दुसऱ्याला सांगणारी नाही ती. चुकलं ते माझंच."

उठावं, ओरडून सांगावं, असं ग्लेनिसला वाटलं. प्रेक्षकांनी बोलायचं नाही, असं दारावरच्या माणसानं बजावलं होतं. तेवढा आधार तिला पुरला. ती बसून राहिली.

पंधरा दिवसांनी, रविवारी सकाळी नोरीन साक्षीची छापील प्रत घेऊन आली. "तपासून पाठवा म्हणतात. बघ ग, छपाईच्या चुका असतील तर."

ग्लेनिसनं वाचलं. आपलं खोटं, नोरीनच्या तोंडी, संसदेच्या कागदावर.

"हे खोटं आहे," ती म्हणाली.

"काय खोटं?"

"मी सही केली नव्हती. कधीच नाही. तिन्ही वेळा मी आत होते. न्हाणी त्याच पैशांची आहे. बाँड नव्हता लागला."

नोरीननं सोबतचं पत्र उलटून पाहिलं. बोललेलं बदलता येत नाही, पण वेगळं लिहून पाठवता येतं, असं त्यात होतं.

"पेन घे," ती म्हणाली. "माझी बोटं चालत नाहीत. लिही. मी साक्षीत सांगितलं ते मला खरं वाटत होतं. ते खरं नाही. जिनं फॉर्म दिला, तिनं स्वतः सही केली नव्हती."

ग्लेनिसनं लिहिलं.

"तिचं नाव लिही. पूर्ण."

ग्लेनिसनं स्वतःचं नाव लिहिलं. अक्षर नेहमीसारखं सुरेख आलं.

"ती माझी मैत्रीण," नोरीन म्हणाली, आणि थांबली. ग्लेनिसनं तेवढंही लिहिलं आणि वर पाहिलं.

"खोड ते," नोरीन म्हणाली. "लिही, ती तिथे कारकून होती."