साप चावला एकाला, झोपवला दुसऱ्याला

आता काय सांगू तुम्हाला, डॉक्टरकीत माणूस किती गाढव ठरू शकतो! हसा, पण जरा बेतानं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. धुळ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात मी कॅज्युअल्टीला नवाच होतो. स्ट्रेचर एक. वॉर्डबॉय एक, तोही साहेबांची भाजी आणायला गेलेला. औषधाच्या स्टोअरची किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात आणि स्टोअरकीपर चहाच्या टपरीवर. रोजचंच! माझं डोकं कायम तापलेलं.

भरदुपारी दोंडाईच्याकडचा टेम्पो आला. दहा-बारा माणसं उतरली ती एकदमच बोलत. "साप! साप चावना!"

मी ओरडलो, "एकदम गप्प! जो बोलेल त्याला बाहेर काढीन!"

चिडीचूप. काय पण वचक, नाही का? दोघांनी एक गडी उचलून आणला होता, डोळे मिटलेला. घातला स्ट्रेचरवर. शेजारी त्याची बायको उभी होती.

"ओ अक्का, बघता काय? लोटा स्ट्रेचर!"

तिनं लोटलं. मी गड्याचे पाय तपासले. पोटरीवर ओरखडा! सापडला दंश! अहो, बाभळीच्या काट्याचा होता तो. पण घाईत कोण बघतो?

"अक्का, पळा! टपरीवरून स्टोअरवाल्याला आणा, सापाचं औषध काढायला सांगा!"

ती गेली. बऱ्याच वेळानं त्या महाशयांना घेऊन आली. औषधाच्या बाटल्या तिच्याच हातात. चाल मात्र मंदावलेली. मला वाटलं, काय आळशी बाई आहे!

मी गड्याच्या दंडात सुई टोचली. गडी ताडकन उठून बसला!

"ओ डाक्टर! माले कसाले टोची ऱ्हायनात? साप ते हिले चावना! मी ते नुसता घाबरी गयथू!"

मागे वळलो. अक्का भिंतीला टेकून खाली बसत होती. पापण्या मिटत चाललेल्या. लुगड्याखाली पाऊल टम्म सुजलेलं.

सापाच्या पेशंटला पाऊलभरही चालू द्यायचं नसतं, आणि मी तिला टपरीपर्यंत पळवलं होतं.

"अहो अक्का, सांगायचं नाही का?"

जड जिभेनं म्हणाली, "तुम्हीच म्हनात ना, जो बोली त्याले बाहेर काढसू. मंग माले दवा कोन देता?"

स्वतःच उचललं तिला, स्ट्रेचरवर ठेवलं, औषध सुरू केलं. वाचली. पण पायाचा अंगठा काढावा लागला. वेळेवर औषध मिळतं तर कदाचित राहिला असता. वॉर्डबॉयला, स्टोअरवाल्याला मी पोटभर शिव्या घातल्या. पण तिला पळवलं होतं मी, त्यांनी नव्हे.

पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, लंगडत. शेजारणीला विंचू चावला होता. तिला घट्ट धरून आत आणलं, आणि मी तोंड उघडायच्या आत तिच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणाली,

"डाक्टर, आज पेशंट हाई शे. मी नही!"

सगळी कॅज्युअल्टी हसली. मीही हसलो. आणि कुणी सांगायच्या आत स्ट्रेचर लोटायला मीच पुढे झालो.