फळ्यावरचा एकतीस

सात वर्षं मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, बाबांना नाही, संघातल्या एकालाही नाही. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एका माणसाला सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय.

तुम्ही मला ओळखत असाल तर माझ्या लेखांमुळेच. बिल्डिंगचा वॉचमन, डिलिव्हरीवाला, सुट्टी न मिळणारी नर्स — यांच्या बाजूने मी लिहितो, आणि चढ्या आवाजात लिहितो. तो आवाज मला घरातून मिळाला. शारजात, अल नहदाच्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये बाबांची एक जुनी ट्रंक आहे. पुण्यातल्या त्यांच्या चळवळीच्या दिवसांतली पत्रकं आहेत तिच्यात, पिवळी पडलेली. शाळेत मला मराठी कुणी शिकवली नाही, मी ती त्या पत्रकांतून शिकलो. त्यामुळे माझ्या मराठीत प्रेमाचे शब्द कमी आणि 'निषेध' जास्त. बाबा मराठीत विचारायचे, मी इंग्रजीत उत्तर द्यायचो, पण भांडायची वेळ आली की मात्र मराठीच.

असं सगळं असूनही — की असं होतं म्हणूनच? — मी एका माणसाचं आयुष्य खोट्यावर मोडलं. त्याच खोट्यावर माझं नाव झालं.

त्या माणसाचं नाव माने सर. आमच्या कॉलेजच्या मुलांच्या फुटबॉल संघाचे मुख्य प्रशिक्षक. कोल्हापूरचे. ज्या शहरात पेठेपेठेत फुटबॉलवरून भावकी फुटते, तिथे ते वाढले. गुडघा गेला म्हणून खेळणं सुटलं, मग शिकवू लागले. इथे आले ते एका शाळेत पीटी टीचर म्हणून. तिथून आमच्या कॉलेजात सहाय्यक, आणि मग मुख्य. मुख्य म्हणून अकरा वर्षं. ते आले तेव्हा आमचं कॉलेज पहिल्याच फेरीत आठ-आठ गोल खाऊन घरी यायचं, आणि बाकीची कॉलेजं आमच्याशी सामना पडला की मिठाई वाटायची. सरांनी त्या संघाला दोनदा अंतिम सामन्यापर्यंत नेलं. मैदानावर ते चार भाषा एकत्र बोलायचे. "यल्ला, चलो, पास दे दो रे भावा, खलास!" इजिप्तचा करीम, केरळची पोरं, पेशावरचा गोलकीपर, सगळ्यांना ते कळायचं.

सरांची एक पद्धत होती. सगळी गोष्ट तिच्यावरच उभी आहे, म्हणून नीट सांगतो.

इथे सप्टेंबरातसुद्धा संध्याकाळची हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडावर बसते. नुसतं तापमान बघून भागत नाही. ऊन, दमटपणा, वारा असं सगळं मिळून एकच आकडा देणारं एक यंत्र असतं, हातात मावेल एवढं. ते घ्यायला लावण्यासाठी सर वर्षभर ऑफिसशी भांडले होते. त्यांचा नियम असा — आकडा बत्तीसच्या वर गेला की मैदान बंद. मग हॉलमध्ये बसायचं आणि जुन्या सामन्यांचे व्हिडिओ बघायचे. आणि हा आकडा सर स्वतः कधीच वाचत नसत. तो कर्णधाराने वाचायचा आणि बाकाशेजारच्या छोट्या पांढऱ्या फळ्यावर लिहायचा. सर फक्त फळा बघणार.

मी कर्णधार झालो तेव्हा विचारलं होतं, सर, तुम्हीच का नाही बघत?

"आरं, मला जिंकायचं असतंय," ते म्हणाले. "जिंकायची भूक लागली की डोळं खोटं बघत्यात. माझ्या डोळ्यावर माझा इस्वास न्हाई. म्हणून तू वाचायचं, तू लिव्हायचं."

एवढा प्रामाणिक माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. आपली हाव त्यांनी माझ्या हाताने बांधून ठेवली होती. आणि माझी हाव? ती कुणी बांधायची?

उपांत्य सामना दोन दिवसांवर होता. सरांनी बचावाची नवी रचना आणली होती. तीत मागे तीनच खेळाडू, आणि तिघांनाही पळावं लागे. मी पळण्यात कमी पडत होतो. करीम रोज चिडवायचा, "कॅप्टन, हबीबी, तू धावतोयस की पत्ता शोधतोयस?" सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, उद्याच्या सरावात तुला शेवटचं बघतो. जमलं तर खेळशील, नाही तर कर्णधार असलास तरी बाकावर. आणि इकडे बाबांनी इथल्या मराठी मंडळातल्या दहा-बारा जणांना सामन्याला यायचं सांगून ठेवलं होतं. पोरगा कॅप्टन आहे म्हणून.

दुसऱ्या दिवशी यंत्राने चौतीस दाखवलं.

मी ते हातात धरून उभा होतो. मैदान बंद म्हणजे सराव नाही. सराव नाही म्हणजे मी बाकावर. पुन्हा मोजलं, पुन्हा चौतीस. मग मार्कर उघडला आणि फळ्यावर एकतीस लिहिलं. अक्षर वाकडं आलं का? नाही. तेच मला आजही टोचतं — अक्षर अगदी सुबक आलं होतं.

बाकीची मुलं फळ्याकडे कधी बघत नसत. सर शिट्टी वाजवतात की नाही, एवढंच त्यांना कळायचं. सरांनी फळा पाहिला, आकाशाकडे पाहिलं, भुवया जवळ आणल्या. क्षणभर वाटलं, विचारतील. त्यांनी शिट्टी वाजवली.

चाळिसाव्या मिनिटाला करीम पडला. धडपडला नाही, कुणी ढकलला नाही. चालता चालता पाय विसरल्यासारखा खाली बसला, आणि मग आडवा झाला. अंग तापलेलं, कोरडं. अरबीत कुणाला तरी हाका मारत होता, बहुतेक आईला. सरांनी त्याला उचलून सावलीत आणला, बर्फाचा सगळा डबा त्याच्या अंगावर ओतला. अ‍ॅम्ब्युलन्स आली. सगळे तिच्याकडे धावले. मीही धावलो — पण आधी बाकाकडे. जर्सीच्या बाहीने फळा पुसला आणि मग करीमकडे गेलो.

आकडा खोटा लिहिला ती हाव होती. फळा पुसला ते मात्र मी पूर्ण शुद्धीत केलं.

करीम तीन दिवस आयसीयूत होता. किडन्यांवर आलं होतं. वाचला. पण डॉक्टरांनी खेळणं बंद केलं, आणि वर्ष संपल्यावर तो अलेक्झांड्रियाला परत गेला.

चौकशीला तीन माणसं होती. सर आणि मी शेजारी शेजारी बसलो होतो. सरांनी सांगितलं, फळ्यावर एकतीस होतं, मी वाचलं. कमिटीतल्या एक बाई कागद बघत होत्या. यंत्राच्या मेमरीत आकडा राहिला होता. त्या माझ्याकडे वळल्या आणि अगदी मायेने, इंग्रजीत म्हणाल्या, बेटा, घाबरू नकोस. यंत्रात चौतीस आहे. तू फळ्यावर चौतीसच लिहिलं होतंस ना?

बघा, त्यांनी वाक्य तयार करून माझ्या हातात दिलं होतं. मला काही रचावंही लागलं नाही. मी 'येस' म्हणालो.

सर माझ्याकडे वळले. रागाने नव्हे. हळू, मराठीत म्हणाले, "चौतीस लिवलं होतंस? मला एकतीस दिसलं रे."

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो.

आणि मग सरांनी ते केलं, जे मला पुढची सात वर्षं छळत राहिलं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कमिटीला म्हणाले, मुलगा म्हणतो तर तसंच असेल. मला सराव हवा होता. माझ्या डोळ्यांनी मला हवं ते बघितलं. चूक माझी.

त्यांनी भांडायला हवं होतं. मला खोटारडा म्हणायला हवं होतं. मग मी मोडलो असतो का? माहीत नाही. सोपं उत्तर देत नाही.

त्यांची नोकरी गेली. इथे नोकरी गेली की व्हिसाही जातो. बायको आणि आठवीतली मुलगी शाळेचं वर्ष अर्धं टाकून कोल्हापूरला गेल्या. आणि मी काय केलं? मी लेख लिहिला. कॉलेजच्या मासिकात, इंग्रजीत, दोन पानं. मराठीत सांगायचं तर 'घाम आमचा, करंडक कुणाचा?' शीर्षकाचा घाट बाबांच्या पत्रकांतून उचललेला. खेळाडूंच्या जिवाशी खेळणाऱ्या प्रशिक्षकांवर मी आग ओकलो. सरांचं नाव घेतलं नाही, गरजच नव्हती. लेख सगळीकडे फिरला. प्राध्यापकांनी पाठ थोपटली. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या लेखावर मला पहिली नोकरी मिळाली. त्यानंतर मी सत्यावर जे जे लिहिलं, ते ते त्या दोन पानांवर पाय ठेवून लिहिलं.

तो लेख लिहिताना मला लाज वाटत नव्हती, हेही सांगायला हवं. लिहिता लिहिता मला ते खरंच वाटायला लागलं होतं. शब्द आपल्याला असं करू शकतात. निदान मला तरी करतात.

गेल्या महिन्यात बाबा चालायचे बूट घ्यायला अजमानला गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "अरे, तुझे माने सर भेटले. नवा व्हिसा काढून परत आलेत, खेळाच्या सामानाच्या दुकानात आहेत. मीच म्हटलं, राग धरू नका, पोरगं तेव्हा लहान होतं. तर तेच म्हणाले, त्याचं काय चुकलं, त्याने खरं तेच सांगितलं." बाबा चहा ओतत बोलत होते. "तिथल्या एका अकॅडमीने दोनदा बोलावलं म्हणे त्यांना, बारक्या पोरांना शिकवायला. गेले नाहीत. म्हणाले, डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, दुसऱ्यांच्या लेकरांना उन्हात कसं उभं करू?"

मला वाटत होतं, मी त्यांची नोकरी घेतली. नोकरी ते कधीच विसरले होते. मी त्यांचे डोळे घेतले होते. आणि कुणी शिकवायला बोलावलं की ते दर वेळी माझ्या त्या एका 'येस'मुळे नाही म्हणत होते.

शुक्रवारी दुपारी मी अजमानला गेलो. दुकानात सर खोक्यांवर किमती चिकटवत होते. केस सगळे पांढरे. मला बघून खरंच खूश झाले. "आयला, लेखकसाहेब! काय घेणार, बूट का बॉल?"

मी भाषण तयार करून गेलो होतो. सात वर्षं लेख लिहीत आलेल्या माणसासारखं — सुरुवात, मध्य, शेवट. त्यातलं काही आलं नाही. म्हणालो, सर, तुम्ही बरोबर वाचलं होतं. मी एकतीसच लिहिलं होतं. यंत्रात चौतीस होतं. फळा नंतर मी पुसला.

किमतीचं एक लेबल त्यांच्या बोटाला तसंच चिकटून राहिलं. मग विचारलं, "एकतीस?"

हो.

"तू लिवलंस, एकतीस."

हो, सर.

ते खोक्यांच्या थप्पीवर बसले. दोन्ही तळहात डोळ्यांवर ठेवले आणि तसेच बसून राहिले. एक गिऱ्हाईक आलं, बघून परत गेलं. मला वाटलं, रडतायत. हात काढले तर डोळे कोरडे होते. चेहरा मात्र असा, जसा पेनल्टी अडवल्यावर गोलकीपरचा होतो — आनंदाआधीचा, अजून पटलेलं नसतं तेव्हाचा.

"म्हंजे मी बघितलं ते बरोबर होतं," ते म्हणाले. मला नाही, स्वतःलाच. मग माझ्याकडे बघून, अगदी शांतपणे: "सात वर्सं, लेका. सात." आणि थोड्या वेळाने, "जा आता."

मी गेलो. परतीच्या बसमध्ये मला झोप लागली. भरदुपारी, एसीच्या गार झोतात, तोंड उघडं टाकून. माझा थांबा कधी गेला कळलंच नाही.

त्यानंतर मी कॉलेजला पत्र लिहिलं, सगळं, सहीनिशी. दोन ओळींचं उत्तर आलं की नोंद घेतली आहे. ती नोंद सरांच्या फायलीत लागली का, हे मी पुन्हा विचारलंय, आणि लागेपर्यंत विचारणार आहे. करीमला लिहिलं. त्याने वाचलंय, उत्तर दिलेलं नाही. द्यायला तो बांधील नाही. बाबांना तोंडाने सांगितलं. ते उठून बाल्कनीत गेले, आणि चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी म्हणाले, "मासिकालाही लिही. तुझा तो लेख अजून तिथे आहे." लिहिलं.

सर अकॅडमीत गेले का, मला माहीत नाही. त्यांनी मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. त्यांच्याकडून मी आधीच पुरेसं घेतलंय.

एक गोष्ट उरते, ती सांगायला सगळ्यांत जड आहे. हे सगळं लिहिताना मला हलकं वाटतंय. माझ्यासारख्याला इतकं हलकं वाटावं का, ठाऊक नाही. पण वाटतंय, आणि आता तेही लपवत नाही.